उत्तर लेखी द्या, मराठीत द्या

खालच्या दवाखान्यातून वरच्या दवाखान्यात रुग्ण पाठवताना त्याच्याबरोबर चिठ्ठी जाते. वरून खाली चिठ्ठी येत नाही. आली तर ती इंग्रजीत येते आणि ज्याच्या अंगात आजार आहे त्याला, त्याच्या घरच्यांना, बहुतेक वेळा गावच्या आशाताईलासुद्धा ती वाचता येत नाही. ही साधी गोष्ट नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या निम्म्या फरफटीचं मूळ इथे आहे, आणि ते दूर करायला नवी इमारत किंवा नवं यंत्र लागत नाही.

कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातलं चौकाचं गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून जातो. एक रस्ता मुरदोलीच्या जंगलातून गोरेगावमार्गे गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधकडे. पश्चिमेला साकोली, भंडारा आणि मग नागपूर. पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतला आजारी माणूस कुठल्याही मोठ्या दवाखान्यात निघाला तरी बहुधा याच चौकात येऊन गाडीची वाट पाहतो. सकाळी उभं राहिलं की ही माणसं लगेच ओळखू येतात. हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जाडजूड फाईल, सोबत बायको नाहीतर म्हातारी आई. फाईल उघडून विचारलं, ‘काय सांगितलं डॉक्टरांनी?’, तर उत्तर ठरलेलं : ‘सांगितलं जी काहीतरी, यात लिवलं आहे.’ त्यात लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. नोकरीला लागलो तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. या परिसरातल्या खेड्यांत माझी सगळी नोकरी गेली. त्या काळी गुरुजी म्हणजे गावाचा लेखनिकही. मुलगा नागपूरला बांधकामावर आहे त्याला पत्र, तहसीलला अर्ज, सोयरिकीचं पत्र, आणि पुष्कळदा डॉक्टरला पत्र. हे शेवटचं आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण नागपूरचे काही डॉक्टर तेव्हा गावच्या रुग्णाला सांगायचे, ‘सहा महिन्यांनी या, मध्ये काही झालं तर पत्र टाका.’ नागपूर इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एका फेरीत दोन माणसांची मजुरी बुडायची, वर तिकीट. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड त्या मानाने काहीच नव्हतं.

एक पत्र मला शब्दशः आठवतं. सिकलसेलचा मुलगा होता, दहा-अकरा वर्षांचा. शाळा सुटल्यावर त्याची आई व्हरांड्यात येऊन बसली. मी विचारलं, काय होतंय ते सांगा. तिने सुरुवात दुखण्यापासून केली नाही. म्हणाली, ‘गुरुजी, असं लिवा, रोवना लागला त्या दिसी पोट्टा दिवसभर बांधीत उभा होता, अन् रातच्यान त्याचे हाडं फुटाले लागले.’ रोवना म्हणजे बांधीतली, भाताच्या शेतातली लावणी. मग मागच्या वर्षीचं सांगितलं : तेव्हाही रोवणाच होता. मग थंडीतलं : मंडईची जत्रा पाहायला रात्रभर उघड्यावर बसला होता. मग पाणी किती पितो, जेवतो किती, डोळे पिवळे कधी दिसतात. मी लिहीत गेलो. लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं की प्रत्येक दुखण्याच्या आधी थंडी आहे, ओल आहे किंवा मेहनत आहे. तिने ते निष्कर्ष म्हणून सांगितलं नव्हतं. तिने फक्त जसं घडलं तसं, क्रमाने सांगितलं होतं.

उत्तर आलं, डॉक्टरांच्या औषधाच्या पॅडवर, पाचेक ओळींचं, मराठीत. मुलाला रोवणीच्या पाण्यात उभं करू नका. थंडीत अंग झाका. दिवसभर पाणी प्यायला द्या, तहान नसली तरी. फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू नका. ताप आला, दम लागला किंवा दुखणं गोळीने थांबलं नाही तर वाट न पाहता दवाखान्यात आणा. मी ते वाचून दाखवलं, तिने पुन्हा वाचायला लावलं. पुढे कित्येक वर्षं तो कागद तिच्याकडे होता. नवा डॉक्टर, नवी नर्स, मुलाचे नवे मास्तर, सगळ्यांना ती तोच दाखवायची. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे रक्त पोचत नाही म्हणून हाडं फुटल्यासारखी दुखतात, हे आज मी सहज लिहू शकतो. त्या आईला पेशींची माहिती नव्हती. तिला काय करायचं आणि काय टाळायचं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिच्याजवळ लिहिलेलं होतं.

पत्रावर औषधोपचार ही आपल्याकडची तोकडी सोय होती असं कोणी समजू नये. अठराव्या शतकात युरोपातल्या नामांकित डॉक्टरांचा मोठा व्यवसाय याच मार्गाने चाले. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला विल्यम कलेन नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते (जन्म १७१०, मृत्यू १७९०). त्यांच्याकडे दूरदूरच्या गावांतून, समुद्रापलीकडूनही पत्रं येत आणि ते सविस्तर उत्तर धाडत : काय खावं, किती चालावं, घोड्यावर बसावं की नाही, कोणतं औषध किती. बहुतेक रुग्णांना त्यांनी कधी पाहिलंही नसे. पुष्कळ पत्रं तर रुग्णाची नसतच. गावातला साधा वैद्य किंवा औषधवाला आपल्या रुग्णाची हकीकत लिहून विचारे आणि कलेन त्या वैद्याला उत्तर लिहीत. म्हणजे आज आपण ज्याला ‘रेफर करणं’ म्हणतो तेच. फरक इतकाच की रुग्ण घरीच राही आणि उत्तर चालत येई.

कलेन यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे आपल्या प्रत्येक उत्तराची ते नक्कल ठेवत. आधी लेखनिक हाताने नक्कल उतरवून घ्यायचे. मग वाफेच्या इंजिनामुळे ज्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात आहे त्या जेम्स वॅट यांनी पत्राची छाप काढणारं यंत्र तयार केलं, आणि १७८१ पासून कलेन ते वापरू लागले. कशासाठी? रुग्णाचं दुसरं पत्र आलं तर पहिल्या वेळी आपण काय सांगितलं होतं ते समोर असावं म्हणून. ती पत्रं आज एडिंबरोच्या फिजिशियन कॉलेजात जपून ठेवलेली आहेत, हजारोंच्या संख्येने.

स्वित्झर्लंडमध्ये लोझान गावी सॅम्युएल टिसो होते. त्यांना आलेली हजारावर पत्रं तिथे जपलेली आहेत. मला मात्र टिसो आवडतात ते त्यांच्या १७६१ च्या एका पुस्तकासाठी. खेड्यातल्या, जवळ डॉक्टर नसलेल्या लोकांसाठी त्यांनी ते लिहिलं. पण खेडूत पुस्तक वाचणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते पुस्तक गावचे पाद्री, जमीनदार आणि शाळामास्तर यांच्या हाती पडावं आणि त्यांनी लोकांना मदत करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या पुस्तकात त्यांनी प्रश्नांची एक यादी दिली : डॉक्टरकडे जाण्याआधी किंवा त्याला लिहिण्याआधी या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत. वय किती? आधी प्रकृती कशी होती? कसं राहता, काय काम करता? आजार कधीपासून, सुरुवात कशी झाली? ताप आहे का, दुखतं कुठे? झोप, भूक, तहान, शौच, लघवी कशी? आतापर्यंत कोणती औषधं घेतली, त्यांचा परिणाम काय? बाई असेल तर पाळी, गरोदरपण. मूल असेल तर दात, जंत. दोनशे साठ वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर लावावी अशी आहे. मी वाचली तेव्हा वाटलं, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी दिलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्या काळी पत्रावर उपचार का शक्य होते, हे समजून घेतलं पाहिजे. छातीला लावायची नळी लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधली. काखेत लावायचा थर्मामीटर रोजच्या वापरात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. क्ष-किरण १८९५ चे. त्याआधी डॉक्टर नाडी पाही, जीभ पाही, आणि बाकी सगळं रुग्णाच्या तोंडून ऐके. रुग्णाचं बोलणं हीच तपासणी होती. मग यंत्रं आली, रक्त-लघवीच्या चाचण्या आल्या, आणि त्यांनी लाखो जीव वाचवले. त्या जुन्या डॉक्टरांची औषधं तर रक्त काढणं, जुलाब देणं अशीही असत. तो काळ परत यावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण यंत्रं आली तेव्हा रुग्णाची हकीकत बाजूला टाकावी असं कुठल्याच शास्त्राने सांगितलेलं नाही. ती आपण गर्दीच्या नावाखाली टाकली. आणि हकीकतीबरोबर उत्तरही गेलं.

आपल्या मराठी मुलखात पत्रावरच्या सल्ल्याची आठवण काही कमी नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्याआधी कलकत्त्याकडे राहत होत्या तेव्हा त्यांची प्रकृती ढासळत होती : सतत डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप, धाप. न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. कार्पेंटरबाई डॉक्टर नव्हत्या, पण पत्रातली प्रकृतीची हकीकत वाचून त्यांनी अमेरिकेतून औषधं पाठवली. गुण आला नाही. पण एका मराठी मुलीला आपलं दुखणं मोकळेपणाने सांगायला सातासमुद्रापलीकडची बाई सापडली, ती पत्रामुळे. ती मुलगी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी न होता, पुण्यात वारली. आनंदीबाईंना आयुष्य मिळालं असतं तर त्यांच्याकडे किती बायकांची पत्रं आली असती, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण या विषयातला आपला खरा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. तेही डॉक्टर नव्हते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते, संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून ती नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. हे मासिक त्यांनी १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवलं, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, पदरमोड करून. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. जे घरात बोलता येत नाही, डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही, ते लोक त्यांना लिहून विचारत. आणि कर्वे सरळ, साध्या मराठीत, कोणाला लाज न आणता उत्तर देत.

१९३४ मध्ये या उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला. हे मी पुन्हा सांगतो : वाचकाने लैंगिक जीवनाबद्दल प्रश्न विचारला, कर्व्यांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर अश्लील ठरवून त्यांना कोर्टात उभं केलं. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारले तर त्यांना उत्तर द्यायचंच नाही का, ज्ञान दिल्याशिवाय अज्ञान जाणार कसं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मराठी माणसाने रुग्णाच्या पत्राला मराठीत लेखी उत्तर देण्याची ही किंमत मोजलेली आहे. आज उत्तर देणाऱ्याला कोणी कोर्टात खेचत नाही. आणि तरी उत्तर येत नाही.

आमच्या विदर्भातलं उदाहरण सेवाग्रामचं. १९३६ पासून गांधीजी तिथे राहू लागले. राजकारणाच्या पत्रांच्या ढिगातच प्रकृतीची पत्रं असत : कोणाला दमा, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाचा ताप उतरत नाही. ते उत्तर लिहीत, पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, आहार अमुक, आणि पुढच्या पत्रात काय झालं ते कळवा. त्यांच्या निसर्गोपचारातल्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत. पण देशाचा एवढा भार असलेल्या माणसाला एका पोस्टकार्डावर चार ओळी लिहायला वेळ सापडत होता, हे नाकारता येणार नाही.

कर्व्यांच्या गोष्टीकडे पुन्हा वळतो, कारण तिथे आमच्या बायकांचा प्रश्न आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली; तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. आकडे जुने आहेत, पण ओपीडीतलं दृश्य मला आजही फारसं बदललेलं दिसत नाही. टेबलाभोवती दहा माणसं, मागून ढकलाढकली, समोर तरुण डॉक्टर. तिथे कोणती बाई सांगणार की अंगावरून पांढरं जातं, किंवा नवऱ्याजवळ गेलं की दुखतं? ती म्हणते, ‘कंबर दुखते.’ मग कंबरदुखीची गोळी मिळते आणि ती घरी येते. हीच बाई घडी घातलेल्या कागदावर सगळं लिहून देईल. स्वतःला लिहिता येत नसेल तर दहावीतल्या मुलीकडून लिहून घेईल, नाहीतर आशाताईकडून. कागद डॉक्टरच्या हातात, आणि शब्द दोघांच्याच मध्ये.

आता आजचं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो आणि ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर तो रुग्णाचं बोलणं दूरच्या डॉक्टरशी करून देतो. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत व्हिडिओ, फोन, आणि लिखित मजकूर, ई-मेलसुद्धा, असे तिन्ही मार्ग मान्य आहेत. कोणतं औषध कुठल्या मार्गाने देता येईल आणि कोणतं देताच येणार नाही याचेही नियम आहेत. म्हणजे कलेन आणि टिसो यांची रीत कायद्याने परत आली आहे. डॉक्टर पुन्हा दूर आहे, हात लावू शकत नाही, आणि रुग्णाच्या बोलण्यावरच त्याला पुष्कळ ठरवायचं आहे. अशा वेळी ते बोलणं नीट पोचलं पाहिजे. प्रत्यक्षात पडद्यावर जातं ते एवढंच : ताप, तीन दिवस. रोवणा गेला, बांधी गेली, मंडईतली रात्र गेली.

आणि परत काय येतं? डिस्चार्ज कार्ड. त्यावर टीडीएस (दिवसातून तीनदा), बीडी (दोनदा), एसओएस. एसओएस म्हणजे गरज पडली तरच घ्यायची गोळी. हे ठाऊक नसल्यामुळे दुखण्याची गोळी रोज तिन्ही वेळा देणारी घरं मी पाहिली आहेत. पोटाची आग व्हायला लागली की पुन्हा दवाखाना. महिनाभर घ्यायची गोळी पाच दिवसांत थांबवलेली घरंही पाहिली आहेत, कारण पाकीट संपलं आणि पुढे काय ते कोणी सांगितलं नव्हतं. यात त्या घरांचा दोष मी मानत नाही. तहसीलची नोटीस मराठीत येते, सातबारा मराठीत येतो. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. आमच्या जमिनीचा कागद आम्हाला वाचता येतो आणि आमच्या शरीराचा कागद वाचता येत नाही, हे मला मान्य नाही.

डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे. माझे दोन विद्यार्थी डॉक्टर झाले. सरकारी दवाखान्यात रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरांना झोप मिळत नाही, जेवण मिळत नाही, वर नातेवाईक अंगावर धावून येतात. त्यांनी प्रत्येक रुग्णाला दोन पानी पत्र लिहावं अशी माझी मागणी नाही. गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही आमच्या जिल्ह्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. तिथे शिकणारी मुलं उद्या याच भागात काम करणार आहेत. मी मागतो ते थोडं आहे आणि वेळ वाचवणारं आहे.

रुग्ण वर जाण्याआधी गावातच त्याची हकीकत एका पानावर लिहिली जावी, त्याच्या शब्दांत. टिसोची यादी समोर ठेवून आशाताई लिहू शकते, शिक्षक लिहू शकतो, कॉलेजातलं पोर लिहू शकतं. ज्याची भाषा गोंडी आहे त्याने गोंडीत सांगावं, लिहिणाऱ्याने मराठीत उतरवावं. फोनवर आवाज भरून घेतला तरी चालेल. अशी हकीकत हातात आली तर डॉक्टरचे प्रश्न कमी होतात. ‘कधीपासून दुखतं?’ या एका प्रश्नावर गर्दीत किती वेळ जातो, ते कुठल्याही डॉक्टरला विचारा. माणूस घाबरलेला असतो, आठवत नाही, सोबतचा दुसरंच सांगतो. घरी शांतपणे लिहिलेलं पान हा गोंधळ टाळतं.

मग वरून खाली उत्तर. आजाराचं नाव मराठीत किंवा लोक ओळखतात त्या नावाने. कोणतं औषध, कधी, किती दिवस. काय करू नये. आणि कोणती लक्षणं दिसली तर धावत यायचं. एवढंच. सिकलसेल, बाळंतपण, क्षयरोग, साप चावणं, रक्तदाब, साखर : आमच्या भागातले नेहमीचे आजार मोजकेच आहेत. प्रत्येकाचा मराठी छापील कागद तयार ठेवावा, मध्ये रिकाम्या जागा ठेवाव्यात, डॉक्टरने त्या भराव्यात. एक प्रत रुग्णाला, एक प्रत त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला. कलेन यांना यासाठी वॅटचं यंत्र घ्यावं लागलं होतं. आज बहुतेक दवाखान्यांत संगणक आणि प्रिंटर आहे, आणि बहुतेक आशाताईंच्या हातात मोबाईल.

या दुसऱ्या प्रतीवर माझा सर्वांत जास्त जोर आहे. कारण गावात परतलेल्या रुग्णाला पुढचे सहा महिने सांभाळायचं असतं ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने आणि नर्सने, आणि वर काय ठरलं हे त्यांनाच माहीत नसतं. ते रुग्णाला विचारतात, रुग्ण फाईल पुढे करतो, फाईलमध्ये पंचवीस कागद आणि त्यातला महत्त्वाचा एक हरवलेला. मग सुरुवात पुन्हा पहिल्यापासून : तीच चाचणी, तोच खर्च. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासण्या मोठ्या प्रमाणावर होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण तपासणीनंतर मुलाच्या आईला काय लिहून मिळालं, हेही मोजलं गेलं पाहिजे. वाहक कोण, रुग्ण कोण, लग्न ठरवताना काय पाहायचं, रोवणीत पोराला उतरवायचं की नाही : हे तिच्या हातात कागदावर हवं. तोंडी सांगितलेलं चौकात एसटीत चढेपर्यंत अर्धं विसरलं जातं.

कायदा आपल्या बाजूने आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने उपचाराची कागदपत्रं मागितली तर ७२ तासांच्या आत द्यावीत, असं आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. म्हणून मागायला लाजू नका. डिस्चार्ज घेताना विनयाने पण ठामपणे म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, काय करायचं अन् काय नाही करायचं, तेवढं मराठीत लिहून द्या.’ चार जणांनी मागितलं तर चार वेळा नाही म्हणतील. चाळीस जणांनी मागितलं तर छापील कागद निघेल.

आणि शिक्षकांना, कॉलेजच्या मुलांना, निवृत्त होऊन घरी बसलेल्या माझ्या सोबत्यांना माझी विनंती आहे. शेजारचा माणूस दवाखान्यात निघाला की त्याच्याजवळ अर्धा तास बसा. तो रोवण्यापासून सुरुवात करील, बैलाचं सांगेल, भावकीतलं भांडण सांगेल. मध्ये तोडू नका. सगळं ऐका, कामाचं क्रमाने लिहा, खाली त्याचं नाव, गाव आणि फोन नंबर घाला, आणि तो कागद फाईलच्या सगळ्यांत वर लावून द्या. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी उत्तराच्या छापील नमुन्याचा आदेश काढावा, यासाठी आपापल्या ग्रामसभेत ठराव मांडा. ठरावाचा मसुदा मी तयार केला आहे. आमच्या ग्रामसभेत तो मी येत्या सभेला मांडणार आहे.